तेहतीस काजं

मुक्काम पाटोदा
ज्येष्ठ शुद्ध ६, फसली सन १३३५

चि. सौ. मुक्तास,

तुझ्या बापाचा, गहिनीनाथ शिंप्याचा, इथूनच गेवराईच्या रोखानं तुझ्या डोक्यावर हात. इकडं सगळे खुशाल. तिकडची खुशाली तू कळवत नाहीस, पण दोरे-बटणं विकणारा आपला कय्युम पंधरवड्याला तिकडच्या बाजारी जातो आणि न विचारता सगळं सांगतो. तेव्हा न लिहून बापाची कोंडी केली असं मनात आणू नकोस.

हे माझं तिसरं पत्र. मागच्या दोन्हींना उत्तर नाही. मी तुला अक्षरं शिकवली ती स्वतः एकच पान पुढं राहून. रात्री मी शिकायचं, सकाळी तुला शिकवायचं. एवढ्या कष्टाची अक्षरं तू माघात लग्न होऊन गेल्यापासून फडताळात ठेवून दिलीस. असो. माझं अक्षर या खेपेला मोठं दिसेल. कागद स्वस्त मिळाला म्हणून ऐसपैस लिहितो आहे. दुसरं काही कारण नाही.

तुझा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. पाठवणीच्या वेळी मी मांडवात बोललो त्यावर. आता तूच सांग, मुलीचा बाप दुसरं काय बोलतो? हात जोडायचे आणि 'पोर अडाणी आहे, पदरात घ्या' म्हणायचं, ही रीतच आहे. विठ्ठलराव पाटलानं लेकीला वाटं लावताना 'हिला चूल कुठून फुंकायची ते कळत न्हाई' असं सांगितलं होतं आणि ती पोर दोनशे पानांचा स्वयंपाक एकटी उठवते. कुणी खरं मानलं? मी जरा सविस्तर बोललो, इतकंच. 'सुईत दोरा ओवता येत न्हाई, कात्रीची मूठ कंची न् पातं कंचं ते उमगत न्हाई, शिंप्याच्या घरी जन्मली हीच काय ती तिची हुशारी.' हे शेवटचं मला तिथंच उभ्या उभ्या सुचलं. लोक हसले म्हणून दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला नको होतं.

पण तुझ्या सासरची माणसं इतकी सरळ असतील हे मला कसं कळावं? कय्युम सांगतो, तुझ्या सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, तुला कात्रीला हात लावू दिलेला नाही. अख्खं घर शिवायला बसतं आणि तुला डाळ निवडायला देतात. कधी उशीचा अभ्रा टाचायला दिलाच, तर सुई त्या स्वतः ओवून देतात. 'लेकराला टोचंल' म्हणतात. कय्युमला हसू आवरेना. मीही हसलो. तुझी आई हसली नाही.

ती म्हणाली, "पंचमीला पोर झोक्यावर दिसली न्हाई, तर तुमी आन् तुमचं बोलणं दोघंबी वसरीत निजा." पंचमीला दोन महिने आहेत. वसरीत डास लई.

एक गंमत सांगतो. परवा दुकानापुढं एक गोरा पाद्री घोडीवरून उतरला. नगरकडं राहतो, मूळ स्पेन नावाच्या मुलखाचा. नाव सांगितलं, पण ते माझ्या लेखणीत मावलं नाही. त्याचा पायघोळ पांढरा झगा बाभळीनं फाडला होता. नवा शिवून पाहिजे, कापड सोबत आणलेलं. मराठी बोलतो, पण पोथीतली. म्हणाला, "महाशय, आपण या नगरातील श्रेष्ठ शिंपी आहात असे ऐकतो."

मी आपला सवयीनं म्हणालो, "कसला शिंपी हो पाद्रीबाबा, फाटक्याला ठिगळ लावून पोट भरतो."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, कापडाची घडी घातली, काखेत मारली आणि विचारलं, "तर मग उत्तम शिंपी कोठे वसतो, ते कृपा करून सांगावे."

आतून तुझी आई म्हणाली, "अवो धरा त्याला, जामखेडच्या वाटंला लागला." धावत जाऊन घोडीचा लगाम धरला. झग्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत तेहतीस गुंड्या आहेत. आपले देव तेहतीस कोटी, त्याच्या गुंड्या तेहतीस. कोटी वगळले म्हणून मी वाचलो. गुंडी आली की काज आलं. काजांचं पुढं बघू.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, अक्षर तुझं असलं म्हणजे झालं.

तुझा बाप

•

पाटोदा
ज्येष्ठ वद्य ७

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद.

उत्तर नाही. ठीक.

पाद्री झगा अंगाला लावून बघायला आला होता. काजांखेरीज सगळा शिवून तयार आहे. काजांसाठी मी जरा ढगाळ दिवस जायची वाट बघतो आहे.

खुंटीवरच्या आपल्या मापाच्या पट्ट्या बघून तो खूश झाला. त्याला सांगितलं की मला इंच-बिंच कळत नाही. प्रत्येक गिऱ्हाईकाची मांजरपाटाची एक पट्टी असते. गळ्याला एक कातर, खांद्याला दोन, छातीला तीन. पाटोद्यातली सारी माणसं या खुंटीवर लोंबतात. त्यात तुझ्या पट्ट्याही आहेत, पाचव्या वर्षापासूनच्या, पण त्या त्याला दाखवल्या नाहीत.

मग त्यानं भिंतीवरचा तो जुना काळा कोट पाहिला, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची बदली झाली आणि न्यायचा राहिला तो. काजांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे अत्यंत उत्तम आहे." मी म्हणालो, "कसलं हो, लेकराचा खेळ." म्हणून गेलो खरा, पण मग जीभ चावली.

तो हसला. त्याला आता आपली रीत कळली आहे. म्हणाला, "आपण विनय करीत आहात. मागच्या वेळी मला समजले नाही, मी कापड घेऊन निघालो. आमच्या भाषेत विनयास मोदेस्तिया म्हणतात."

मी विचारलं, "त्याचा मूळ अर्थ काय?" तुला ठाऊक आहे, शब्द दिसला की त्याची शिवण उसवून बघायची मला खोड. मला कुणी शिकवलं असतं तर ही खोड नसती.

तो म्हणाला, तो शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून आला. आपली संस्कृत तशी त्यांची ती. तिच्यात मोदुस म्हणजे माप. जो आपल्या मापात राहतो तो मोदेस्तिया पाळतो.

"म्हंजी कमी बोलायचं स्वतःबद्दल?"

"नाही. कमी हे माप नव्हे. अधिक हेही माप नव्हे. माप म्हणजे माप."

मुक्ते, मी चाळीस वर्षं माणसं मापतो आहे आणि ही गोष्ट मला स्पेनच्या माणसानं सांगावी? माप देताना माणूस किती खोटं बोलतो ते तूही पाहिलं आहेस. विठ्ठलराव पाटील छाती फुगवून उभा राहतो, मग अंगरखा त्याच्या अंगावर रिकाम्या पोत्यासारखा. गरीब गडी साहेबांसमोर उभा राहिल्यासारखा आखडून घेतो, मग सदरा काखेत उसवतो. दोघांचंही कापड वाया. पाद्रीनं मात्र झाडासारखं उभं राहून माप दिलं. म्हणून त्याचा झगा पहिल्या खेपेलाच बसला.

मी त्याला म्हटलं, तुमच्याकडं विनयाला आणखी शब्द असतील की. म्हणाला, आहे, उमिल्दाद. त्याच्या मुळाशी हुमुस, म्हणजे माती. हे ऐकून तुझी आई आतून म्हणाली, "मातीचं कावून इचारता? ती तर तुमी मांडवातच खाल्ली."

पाद्रीनं विचारलं, बाई काय म्हणतात. मी सांगितलं, चहा घ्या म्हणते.

तो गेल्यावर मी विचार केला. मांडवात मी तुझं माप कमी सांगितलं. ते दुरुस्त करायचं तर खरं सांगायला पाहिजे. म्हणून लागलीच तुझ्या सासऱ्यांना, राधाकिशनरावांना, पत्र लिहिलं. 'आमची मुक्ता शिवणात निपुण आहे. तिच्या हाताचा टाका मुंगीच्या पावलासारखा. तिला कात्री द्यावी, फरक आपोआप दिसेल.' कय्युमच्या पेटीत तेही पत्र आहे. आता बघ, पुढच्या बाजारापर्यंत तुझ्या हातात कात्री येते की नाही.

आली की कळव.

तुझा बाप

•

पाटोदा
आषाढ शुद्ध ९

चि. सौ. मुक्तास,

कय्युम काल आला. राधाकिशनरावांचं उत्तर घेऊन आला. मोठ्या मनाचा माणूस आहे. लिहितात, 'व्याहीबुवा, आपली माया समजली. लेक दूर गेली की बापाला तिचे गुण दिसू लागतात, आमच्याही लेकीच्या वेळी असंच झालं. आपण काळजी करू नये. मुक्ताला आम्ही शिकवून तयार करू.'

बापानं निंदा केली तर गावाला ती खरी वाटते, स्तुती केली तर माया वाटते. हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?

पण त्याच्यापुढचं पत्रात नव्हतं, ते कय्युमनं सांगितलं. ते सांगताना तो पहिल्यांदा हसला नाही. बटणांची पेटी मांडीवर घेऊन बसून राहिला.

"चाचा," म्हणाला, "जावयाची लग्नातली ती शेरवानी त्यांनी दुकानात टांगली हाय. मधोमध. गिऱ्हाईक आलं की तुमचे याही दाखवत्यात, हा बघा पाटोद्याच्या गहिनीनाथबुवांचा हात."

"बरं मग?"

"मुक्ताआपाला रोज दुपारी तिच्यापुढं बसवत्यात. सासू बोट ठिवून दाखविती. असा टाका यायला बारा वर्सं लागतात म्हंती. बापाच्या हातावरनं शिक म्हंती."

"मग मुक्ती काय म्हणते?"

"काही न्हाई. हो म्हंती आन् बघत ऱ्हाती."

मला हसू आलं. मग जेवण तसंच राहिलं. तुझ्या आईनं ताट उचललं तरी मी तिथंच.

मुक्ते, मी तुला चार पत्रांत एक गोष्ट लिहिली नाही. दोरा ओवता येत नाही असं बोललो त्यावर तू रुसलीस, असं मी स्वतःला सांगत आलो. ते सोयीचं होतं. ती रीत होती, रीतीवर कुणी किती दिवस रुसणार. तू त्यावर रुसली नाहीस, हे मला माघातच ठाऊक होतं.

अक्षतांनंतर राधाकिशनरावांनी जावयाची शेरवानी बोटांत धरली आणि चार माणसांत म्हणाले, "व्याहीबुवा, ही काजं आमच्या बापजन्मात बघितली न्हाईत. काय हात हाय तुमचा." आणि मी मान खाली घालून म्हणालो, "कसलं हो, आता हात कापतो. कसंबसं केलं."

तू अंतरपाटाच्या जागी उभी होतीस, दोन हातांवर. तू माझ्याकडं बघितलंस. मी दुसरीकडं बघितलं.

ती शेरवानी तू शिवलीस. कार्तिकापासून चार महिने, माडीवर दार लावून. गेवराईहून जावयाच्या मापाची पट्टी कय्युमनं आणली होती, म्हणजे नवऱ्याचं तोंड बघायच्या आधी तुला त्याचे खांदे ठाऊक होते. एक खांदा बोटभर खाली आहे, हे तूच मला सांगितलंस. मी नुसत्या गुंड्या लावल्या, त्यातलीही एक तू पुन्हा काढून लावलीस.

मी मनाशी म्हटलं, नवरीनंच नवरदेवाचा पोशाख शिवला असं भर मांडवात कसं सांगावं, लोक काय म्हणतील, लाजेची गोष्ट. हे कारण बरं आहे. पण खरं ते नाही. खरं हे की राधाकिशनराव माझ्या हाताला चांगलं म्हणाले आणि मला ते गोड लागलं. दुसऱ्याच्या कामाबद्दल विनय केला की ते काम आपलं होऊन जातं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही आणि तुझे चार महिने खिशात घातले.

आणि हेही लिहून टाकतो. कागद स्वस्त मिळाला म्हणून अक्षर मोठं, असं लिहिलं होतं. कागद आहे त्याच भावानं मिळतो. तीन वर्षं झाली, मला टाका दिसत नाही. गेली तीन वर्षं पाटोद्यातलं प्रत्येक काज तुझं आहे. अमीनसाहेबांचा कोटही. तू गेल्यापासून मी एकही काज केलेलं नाही. गिऱ्हाईकांना ढग दाखवतो. पाद्रीचा झगा समोर टांगला आहे आणि त्याच्या छातीवर एकही भोक नाही.

ढग आज नाहीत. चांगलं ऊन आहे.

तुझा बाप

•

पाटोदा
आषाढ शुद्ध १०

चि. सौ. मुक्तास,

कालचं पत्र कय्युमच्या हाती देऊन तुझ्या हाती पोचवणं म्हणजे कोपऱ्यात कान धरणं. मांडवात सांडलेलं कोपऱ्यात भरून येत नाही. म्हणून आज राधाकिशनरावांना दुसरं पत्र लिहिलं आणि झग्यासोबत पाठवतो आहे. ते उघडं आहे, पाकीट नाही. दुकानात गिऱ्हाईकं असताना मोठ्यानं वाचावं असं वरच लिहिलं आहे. नक्कल अशी:

'राधाकिशनराव व्याही यांस गहिनीनाथ शिंप्याचा रामराम. आपल्या दुकानात मधोमध टांगलेली शेरवानी माझ्या हातची नाही. ती मुक्तानं शिवली. लग्नात आपण हाताला नावाजलं तेव्हा मी मान खाली घातली, ती विनयानं नव्हे. आपण म्हणाल, बापाची माया बोलते. म्हणून खूण सांगतो. सगळ्यांत खालच्या काजाच्या मागल्या अंगाला लाल दोऱ्याचा एकच टाका आहे. ती प्रत्येक कपड्यात तो टाकते आणि मला दिसत नाही असं समजते. जवळचं मला खरंच दिसत नाही, पण बोटाला लागतो. सोबत एक झगा आहे. त्याला तेहतीस काजं करायची आहेत. माझ्या हातानं आता काज होत नाही. मुक्तानं करावीत. धनी पाद्री आहेत, त्यांना मी कळवलं आहे. मुक्ताचं माप मी मांडवात कमी सांगितलं आणि माझं जास्त. दोन्ही कपडे वाया गेले. आपण सुज्ञ आहात.'

हे लिहायला दोन तास लागले. मग तुझ्या आईला सांगितलं, तीन वर्षं माझे डोळे गेलेत. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"मला कवाच ठाव हाय. तुमी मिठाऐवजी खडीसाखर घालून घेतलीत वरणात, तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा बोलताव म्हनून बघत होते."

मग कय्युमला बोलावून सांगितलं की हे पत्र वाचल्यावर गेवराईचा बाजार ऐकेल आणि तिथून आठ दिवसांत पाटोद्याचा बाजारही. चाळीस वर्षांचं नाव आहे, जाईल ते जाईल.

तो डोकं खाजवायला लागला. "चाचा, रागवू नका. पाटोद्याच्या बाजाराला मालूम हाय."

"काय मालूम आहे?"

"काजाचा दोरा तुमी कधी घेतला माझ्याकडनं? तीन साल झाले, आपाच घेत होती. मी समद्यांना सांगत होतो, काज पाहिजे तर कपडा मंगळवारी टाका. मंगळवारी चाचा बाजारात असतेत."

म्हणजे मी तीन वर्षं जे लपवत होतो ते सगळं गाव माझ्यापासून लपवत होतं. गावाला माझ्यापेक्षा जास्त लाज आहे. गेवराईला तेवढं ठाऊक नव्हतं, आणि तू तिथंच नांदायला गेलीस.

झगा नीट ने म्हणून त्याला बजावलं आहे. पुढं तुझी मर्जी. काजं करायची नसतील तर करू नकोस. पाद्रीला मी बंद लावून देईन आणि तो मनातल्या मनात लॅटिनमध्ये काय म्हणायचं ते म्हणेल.

तुझा बाप

•

पाटोदा
आषाढ वद्य १३

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

झगा पोचला. गाठोडंही पोचलं. त्याचं शेवटी लिहितो, कारण ते आधी लिहिलं तर बाकीचं राहून जाईल.

कय्युमला मी तीनदा सांगायला लावलं. तू तिथं होतीस, तरी माझ्या बाजूनं ऐक. तो म्हणतो, पत्र जावईबापूंनी वाचलं. त्यांचा, उत्तरेश्वररावांचा, आवाज चांगला, पार भिंतीपाशी बसलेल्या गिऱ्हाईकापर्यंत गेला. मग राधाकिशनराव उठले, शेरवानी खाली काढली, उलटी केली, शेवटच्या काजामागं बोट घातलं आणि तशीच वच्छलाबाईंच्या मांडीवर ठेवली.

वच्छलाबाईंनी त्या लाल टाक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आन् मी हिला हिच्याच टाक्यावरनं शिकवीत होते?"

तू म्हणालीस म्हणे, "आत्या, तुमी सांगितलेलं समदं बरोबर होतं. बारा वर्सं तेवढी चुकीची. मला नऊच लागली."

हे तू तोंड वर करून सांगितलंस की खाली घालून, असं मी कय्युमला विचारलं. तो म्हणाला, समोर बघून. बरं केलंस. तेवढंच माप होतं.

मग राधाकिशनरावांनी आपली स्वतःची कात्री तुझ्यापुढं ठेवली आणि दीड दिवसात तू तेहतीस काजं उतरवलीस. आणि जावईबापू बाजूला बसून सुया ओवून देत होते. हे ऐकून तुझी आई चुलीपुढं एकटीच हसत बसली होती. पाच महिने सासूनं ओवून दिल्या, आता नवरा ओवतो. तू या जन्मात स्वतः दोरा ओवणार नाहीस असं दिसतं. मांडवातलं माझं एक वाक्य तरी खरं झालं.

पाद्री परवा झगा न्यायला आला. मी एकेक काज बोटांनी चाचपून बघितलं होतं. शेवटच्या काजापाशी मागल्या अंगाला बोट नेलं तर टाका लागेना. दोनदा फिरवलं. मग तुझी आई म्हणाली, "मागं काय हुडकता, म्होरंच हाय."

पांढऱ्याशुभ्र झग्यावर, घोट्याशी, पुढल्या अंगाला, लाल टाका. तुझ्या आईला घाम फुटला, देवमाणसाच्या झग्यावर हे काय करून ठेवलं पोरीनं. उसवू का म्हणाली. मी कात्री लपवली.

पाद्रीनं झगा घातला, गळ्यापासून एकेक गुंडी लावत खाली आला, वाकला आणि लाल टाक्याशी थांबला. मग सरळ होऊन म्हणाला, "महाशय, अशी काजे मी रोम नगरातही पाहिली नाहीत."

मुक्ते, 'कसलं हो' माझ्या दातांपर्यंत आलं होतं. चाळीस वर्षांची सवय, ती आपल्या पायानं चालत येते. मी ती गिळली आणि म्हणालो, "होय. चांगली आहेत. माझ्या लेकीनं केली. तो लाल टाका तिची सही."

त्यानं वाकून ती शेवटची गुंडीही लावली. मग टाका तसाच राहू द्या म्हणाला आणि घोडीवर बसला. जाताना तुझ्या आईला चहाबद्दल दुवा देऊन गेला. त्या दिवशीचा चहा तुझ्या आईनं विचारलाच नव्हता, हे त्याला अजून ठाऊक नाही.

आता गाठोड्याचं. बंडी पाहिली. मी शिंपी असून माझ्या मापाची पट्टी खुंटीवर नाही, स्वतःला कोण मापतं? तू ती आठवणीनं बेतलीस. खिशात तुझी चिठ्ठी होती. सहा महिन्यांनी तुझं अक्षर, आणि तेही एकच ओळ. 'माप मनातलं आहे, चुकलं असल्यास कळवावे.' तुझ्या आईला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाच म्हटलं. मग चिठ्ठी तिच्याकडंच गेली, आता मला मिळत नाही.

बंडी घातली. खांदा बरोबर, गळा बरोबर. छातीला चार बोटं ढिली आहे. पाहणारे म्हणतात, पोरीचा अंदाज चुकला. मी त्यांना सांगतो, अंदाज बरोबर आहे, ज्याच्या मापावर बेतली तो माणूस माघातला आहे. मधल्या काळात तो आटला. तू आत शिवणीत दोन बोटं माया, पुढं सैल करायला जादा कापड, ठेवली आहेस ती मला लागली. म्हणजे मी भरेन असंही तू धरलं होतंस.

पंचमीला आता सातच दिवस आहेत. लिंबाच्या फांदीला झोका टांगला. मी बसून बघितला. तुझ्या आईनं मला उतरवलं. राधाकिशनरावांनी गाडी पाठवतो असं कय्युमजवळ सांगितलं आहे, वच्छलाबाईंनाही घेऊन ये. त्यांना म्हणावं, घर लहान आहे, पण चार माणसं नीट निजतील एवढं आहे. याहून कमी मी सांगणार नाही.

कात्री आणू नकोस, इथं तुझीच आहे. आलीस की आधी माझं माप घे आणि पट्टी खुंटीवर टांग, तुझ्या पट्ट्यांशेजारी. मी छाती फुगवणार नाही आणि आखडणारही नाही. जसा आहे तसा उभा राहीन.

तुझा बाप,
गहिनीनाथ